ठिपक्यांमधली जागा

चेहऱ्यावर वण असलेलं माणूस दवाखान्यात शिरताना आधी खुर्ची हेरतं. वण डाव्या गालावर असेल तर डावी बाजू भिंतीकडे येईल अशी, कपाळावर असेल तर ट्यूबलाइटपासून लांबची. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, स्टेशनलगतच्या इमारतींच्या पहिल्या मजल्यांवर त्वचारोगतज्ज्ञांचे दवाखाने आहेत. खाली औषधांचं दुकान, शेजारी कुठल्याशा क्लासचा फलक, दाराशी चपला. तिथे बसल्या बसल्या मी खुर्चीची ही निवड कितीदा तरी पाहिली आहे. नाव पुकारलं जाण्याआधीच माणसानं आपल्या चेहऱ्याबद्दल पुष्कळ काही सांगून टाकलेलं असतं.

माझा वण डाव्या जबड्याच्या कडेनं निघून मानेवर उतरतो. घाटकोपरच्या भटवाडीत, चाळीतल्या एका खोलीत आमचं बिऱ्हाड होतं आणि पितळी टाकीचा, पंप मारून पेटवायचा रॉकेलचा स्टोव्ह होता. मी शाळेत असताना एका संध्याकाळी त्याचा भडका उडाला. आईनं गोधडी टाकून मला घट्ट धरलं म्हणून बाकीचं अंग वाचलं. त्या काळी मुंबईच्या चाळींमधून स्टोव्हनं भाजलेली एखादी बाई, एखादी मुलगी असायचीच. जखम भरली, पण भाजल्याची जखम आखडत भरते. निरोगी त्वचेत कोलाजेनचे धागे जाळीसारखे सगळ्या दिशांना पसरलेले असतात. वणात तेच धागे दाटीवाटीनं, एकाच दिशेनं रचले जातात. जखम लवकर बुजवायची एवढीच शरीराला घाई असते. म्हणून वण ताठ राहतो, चकाकतो. त्यावर लव उगवत नाही, घाम फुटत नाही. मुंबईच्या मे महिन्यात माझी सगळी मान भिजलेली असायची आणि तेवढा एक पट्टा कोरडा.

त्या पट्ट्याभोवती मी आयुष्य बेतून घेतलं. पाचवारी साडीचा पदर डाव्या खांद्यावर येतो, याचा मला फार उपयोग झाला. फोटोत मी उजवीकडच्या टोकाला उभी राहायची आणि मान किंचित वळवायची. लेडीज डब्यात डावा गाल खिडकीकडे येईल अशी जागा मिळाली की स्टेशनं येऊन जायची, मला बरं वाटायचं. लग्नाच्या बोलण्यांत पाहुण्यांच्या नजरा चहाच्या कपावरून उठून माझ्या जबड्यापाशी थांबायच्या आणि मग मोठ्या सौजन्यानं पंख्याकडे वळायच्या. त्या वळण्याचं मला जास्त लागायचं. विचारणारी माणसं परवडायची. भाजी घेताना एखादी अनोळखी मावशी थेट म्हणायची, "कशानं भाजलं गं बाळा?" मी सांगायचे, ती हळहळायची आणि दोन मिनिटांत आम्ही मेथीच्या जुडीवर यायचो.

माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. गाल, नाक, कपाळ, सगळं खळगेदार. पण आजी पदर ओढून घेत नसे, फोटोत वळत नसे. मला हे कोडं वाटायचं. मोठी झाल्यावर उलगडलं की तिच्या पिढीत गावातली कितीतरी तोंडं तशीच होती. खरं तर देवीची लस हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचली गेली ती याच मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तरी रोग जायला पुढे पावणेदोनशे वर्षं लागली. भारतातली शेवटची रुग्ण १९७५ साली सापडली, १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला आणि १९८० मध्ये जग. देवी गेली आणि तिच्याबरोबर तिच्या खुणा वागवणारे चेहरेही हळूहळू काळाआड गेले. गुळगुळीत चेहऱ्यांच्या गर्दीत एकट्या पडलेल्या वणाचं ओझं वाढतं, ते तेव्हापासून माझ्या लक्षात आहे. आजीचं मन माझ्यापेक्षा कणखर असेलही, पण तिच्या सोबतीला तिच्यासारखे चेहरे होते, ही गोष्टही तितकीच खरी.

त्वचा दुरुस्त करण्याची इच्छा मात्र आजची नाही, आणि आपल्या मुलखाला ती परकी तर मुळीच नाही. कावसजी नावाचा एक गाडीवान तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेबरोबर होता. टिपूच्या सैन्यानं त्याला पकडलं आणि त्याचं नाक कापलं. पुढे पुण्यात, विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका कारागिरानं ते नाक पुन्हा घडवलं. मेणाचा साचा करून, तो कपाळावर पसरून तेवढी कातडी आखून घेतली, ती भुवयांच्या मधोमध अंगाला जोडलेली ठेवूनच खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिचं वर्णन छापून आलं आणि युरोपातल्या शल्यविद्येला नवी वाट मिळाली. त्या कारागिराचं नाव कागदावर उतरलं नाही. त्याची दृष्टी उतरली: गेलेल्या भागाची भरपाई त्याच माणसाच्या शाबूत भागातून करायची. ही गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा कावसजीचं कपाळ बराच वेळ डोळ्यांसमोर राहिलं.

ज्या प्रकाशानं माझ्या मानेवर काम केलं, त्याचं एक टोकही याच मातीत आहे. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये माणिकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला होता. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६४ मध्ये, बेल लॅब्जमध्ये पटेलांनी कार्बन डायऑक्साइड वायूपासून लेझर तयार केला. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, डोळ्यांना तो दिसत नाही. पाणी मात्र हा किरण अधाशासारखं शोषून घेतं आणि त्वचेच्या पेशींत भरलेलं असतं ते मुख्यतः पाणीच. किरण पडला की नेमक्या तेवढ्या जागेतल्या पाण्याची वाफ होते आणि पेशी नाहीशा होतात. कारखान्यांत हाच किरण पोलाद कापतो. मी उपचाराच्या खोलीत आडवी पडले होते तेव्हा बारामतीतल्या कुणा एका घराचं अंगण मनात येऊन गेलं, आणि भीती थोडी उणावली.

सुरुवातीच्या काळात, विशेषतः १९९० च्या दशकात, या किरणानं चेहऱ्याचा वरचा थर सलग उतरवला जाई. सुरकुत्या, खड्डे झपाट्यानं कमी होत. पण सगळा चेहराच उघडी जखम बनायचा, लाली महिनोन् महिने टिकायची, जंतुसंसर्गाची भीती असायची. सावळ्या, गव्हाळ त्वचेला तर हा उपाय फारच महागात पडे. आपल्या कातडीतल्या रंग तयार करणाऱ्या पेशी जागरूक असतात. त्यांना इजेची चाहूल लागली की त्या जादा रंग ओततात. वण जायचा आणि त्या जागी काळा चट्टा उरायचा. मग २००४ साली डायटर मॅनस्टाइन, रॉक्स अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार मांडला. सलग थर काढायचाच नाही. केसाइतक्या बारीक अशा अगणित उभ्या जखमा करायच्या आणि दोन जखमांच्या मध्ये निरोगी त्वचा मुद्दाम सोडायची. पटेलांच्या कार्बन डायऑक्साइड लेझरलाही पुढे हीच रीत लागली. डॉक्टर तिला फ्रॅक्शनल लेझर म्हणतात.

मी उपचारानंतर पहिल्यांदा आरशात पाहिलं तेव्हा मला दिसली ती दिवाळीत आई दारात काढायची ती ठिपक्यांची रांगोळी, रेघा ओढण्याआधीची. समान अंतरावर, ओळीनं मांडलेले ठिपके. डॉक्टरांनी समजावलं ते असं, की ठिपका म्हणजे फक्त इजा. बरं करण्याचं काम ठिपक्यांच्या मधली न जळालेली कातडी करते. तिच्यातल्या जिवंत पेशी दोन्ही बाजूंनी सरकत जाऊन दिवस-दोन दिवसांत ती बारीक छिद्रं झाकतात, मग खोलवर नवं कोलाजेन रचायला घेतात, आणि या वेळी ते घाईत रचलं जात नाही. मधली जागा राखली नाही तर बरं करायला कुणी उरत नाही. म्हणून जुन्या भाजलेल्या वणावर ठिपके आणखी विरळ ठेवतात. वाचवलेल्या जागेवर एवढा भरवसा ठेवणारी दुसरी विद्या मला माहीत नाही.

पन्नाशी उलटल्यावर मी लेझरकडे वळले ती आधी मानेसाठी. वय वाढलं तशी वणाची ओढ वाढली. वरच्या फळीवरचा डबा काढताना मान मागे टाकली की हनुवटी खाली खेचली जायची, रात्री खाज सुटायची. घाटकोपरहून मेट्रोनं अंधेरीला जायला लागले. २०१४ च्या जूनमध्ये ती सुरू झाली आणि पूर्वेच्या माणसाला पश्चिमेचा दवाखाना हाकेच्या अंतरावर आला. डॉक्टरांनी पहिल्या भेटीत वणावरून बोट फिरवलं, चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाल्या, "ताई, हा जाणार नाही. मऊ होईल, सपाट होईल, ओढ कमी होईल. चालेल?" इतक्या वर्षांत माझ्या वणाबद्दल इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. त्यांनी जबड्याखाली, सहज दिसणार नाही अशा जागी लहानसा तुकडा करून पाहिला आणि तो काळा पडतो का हे कळेपर्यंत थांबायला लावलं. ओठांवर ताप फुटतो का, जखमा जाड होऊन फुगतात का, कुठली औषधं चालू आहेत, सगळं विचारून लिहून घेतलं.

उपचाराच्या दिवशी बधिर करणारं मलम जाडसर लावून वर प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवतात आणि तासभर बसवून ठेवतात. या तासात उपनगरातली माणसं एकमेकांशी जितकी मोकळी बोलतात तितकी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत. सगळ्यांचेच चेहरे पांढरे आणि चकचकीत, लपवण्यासारखं काही उरलेलं नसतं. मग आत नेतात. डोळ्यांवर धातूच्या वाट्या येतात आणि अंधार होतो. यंत्राचा टकटक आवाज, धूर खेचणाऱ्या नळीची घरघर, गार हवेचा झोत. जाड वणावर आधी काहीच जाणवत नाही. कडेच्या चांगल्या कातडीवर किरण आला की गरम सुया टोचतात. आणि केस जळल्याचा वास. त्या वासानं मी एका क्षणात भटवाडीच्या खोलीत पोचले, हात घट्ट मिटले गेले. नर्सनं काही न बोलता माझी मूठ आपल्या हातात घेतली आणि काम संपेपर्यंत सोडली नाही. एका आगीची खूण दुसऱ्या उष्णतेनं मऊ करायची, हे बुद्धीला पटलेलं असतं. शरीराला ते पटवायला कुणाचा तरी हात लागतो.

पुढचे दिवस शांतपणे सोसायचे असतात. पहिल्या रात्री भाजल्याची आग, सकाळी सूज, मधूनच पाझरणारी लस. उंच उशीवर झोपायचं, सांगितलेलं मलम पातळ थरानं लावत राहायचं. मग त्वचा तपकिरी होते, हाताला खरखरीत लागते, अतोनात खाजते आणि खाजवायचं नसतं. खपल्या आठवडाभरात आपोआप गळतात. ओढून काढली तर खाली डाग धरतो. खालून येते ती गुलाबी, कोवळी कातडी, जिला उन्हाशी झुंजायची ताकद अजून आलेली नसते. मुंबईत ऊन टाळणं सोपं नाही. पावसाळी आभाळातूनही त्याचे अतिनील किरण उतरतात, रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी येतात, फलाटावर उभं राहिलं तरी गाठतात. म्हणून सनस्क्रीन दर काही तासांनी, छत्री बारमाही, ओढणी सुती. आणि मग वाट पाहायची. आतलं कोलाजेन तीन ते सहा महिने घडत राहतं. पुढची पाळी महिना-दीड महिन्यानं. एका बैठकीत निकाल मागणाऱ्याला हा उपचार निराश करतो.

माझ्या जावेनं त्या दिवसांत जे केलं ते मला कुणी शिकवून आलं नसतं. तिनं खिडक्यांचे पडदे ओढले, मऊ भात आणि गार ताक पुढे ठेवलं आणि माझ्याशी गॅसच्या नंबराविषयी, तिच्या मुलाच्या बदलीविषयी बोलत राहिली. 'बघू बघू, कुठवर आलं' असं तिनं एकदाही म्हटलं नाही. बोलताना तिची नजर माझ्या डोळ्यांवर असायची. डॉक्टर सांगत होत्या ती मधली जागा घरात कशी असते, हे मला तिच्याकडे पाहून कळलं. माझ्यात जे भाजलेलं नव्हतं, त्याच्याशी ती बोलत होती.

त्या तासभराच्या बसण्यात भेटलेली माणसं मनात राहिली आहेत. बोरिवलीचा एक मुलगा होता, विशीतला. तारुण्यपीटिका गेल्या पण गालांवर खड्डे ठेवून गेल्या. काही सुईनं टोचावेत तसे अरुंद आणि खोल, काही पसरट. तो म्हणाला, "काकू, इंटरव्ह्यूत समोरचा बोलत असतो आणि मी त्याची नजर मोजत असतो." त्याला कळलं होतं की अरुंद खोल खड्ड्यांना एकटा लेझर पुरत नाही, आतले आवळलेले धागे सुईनं सोडवावे लागतात, कधी आम्लाचा थेंब सोडावा लागतो. मुलुंडची एक बाई होती. कुठल्याशा पार्लरमध्ये स्वस्तात लेझर करून घेतला आणि दोन्ही गाल करडे-काळे पडले. आता ते उतरवायला ती इथे येत होती. रंग उतरत होता, सावकाश. ती आम्हा सगळ्यांना बजावायची, "हात कुणाचा आहे ते आधी विचारा. मशीन नंतर."

आणि अंधेरीतच राहणाऱ्या, मालिकांमधून आईच्या भूमिका करणाऱ्या एक बाई होत्या. त्या सुरकुत्यांसाठी येत. माझ्या मनात आधी त्यांच्याविषयी थोडं अंतर होतं. वण अपघातानं येतो. सुरकुती तर हसून, रडून, उन्हात डोळे बारीक करून आपणच कमावलेली असते, ती का घालवायची? एकदा त्यांनी सांगितलं की पडद्यावर चेहरा हातभर मोठा होतो, आणि डोळ्यांखालच्या रेषांमुळे त्या दृश्यात नसतानाही थकलेल्या दिसतात. दिग्दर्शक विचारतो, बरं नाही का? "मला म्हातारं दिसायला हरकत नाही," त्या म्हणाल्या, "मला न झालेलं दुःख चेहऱ्यावर नको." भुवयांमधल्या दोन आठ्या त्यांनी डॉक्टरांना हात लावू दिल्या नाहीत. अभिनय तिथूनच निघतो, असं त्यांचं म्हणणं. आपल्या चेहऱ्यावरचं काय ठेवायचं नि काय जाऊ द्यायचं, याचा इतका सूक्ष्म विवेक मी क्वचित पाहिला. त्या दिवसापासून वण आणि सुरकुती यांत थोर-क्षुद्र लावणं मी सोडून दिलं.

चेहऱ्यावरच्या उपचाराला 'चोचले' म्हणणारी माणसं प्रत्येक घरात असतात. विमा कंपन्याही सौंदर्योपचार म्हटला की सहसा हात वर करतात. पण कायद्यानं एका ठिकाणी याचं उत्तर दिलं आहे. २०१३ च्या मे महिन्यात वांद्रे टर्मिनसवर प्रीती राठी या तरुण परिचारिकेवर ॲसिड फेकलं गेलं आणि महिन्याभरात ती गेली. त्याच वर्षी या गुन्ह्यासाठी दंडविधानात स्वतंत्र कलमं आली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ॲसिडहल्ल्यातल्या पीडितांवर खासगी रुग्णालयांनीही मोफत उपचार करायचे आणि त्यांत पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियाही येतात. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात या पीडितांचा समावेश झाला. म्हणजे जखम भरली की उपचार संपला, असं न्यायालयानंही मानलं नाही. माणसाला पुन्हा लोकांत उभं राहता येणं हा बरं होण्याचाच भाग आहे. स्टोव्हनं भाजलेल्या मुलीला, खड्ड्यांनी पिचलेल्या मुलालाही हे लागू पडायला हवं, असं मी मनापासून मानते. आज ज्याच्या खिशात पैसे आहेत त्यालाच हा प्रकाश मिळतो, हे मला सलतं. सार्वजनिक रुग्णालयांत भाजलेल्यांच्या वणांवरचा लेझर सहज मिळू लागला तर या शहरातल्या कितीतरी माना सैल होतील.

माझी झाली. वण आहे, जवळून पाहिलं तर आहेच. पण तो आता बोटाखाली हलतो, चिमटीत धरता येतो, रात्री खाजत नाही. मान मागे टाकून मी फलाटावरचा इंडिकेटर वाचते आणि हनुवटी तिच्या जागी राहते. नजरा अजून थांबतात, पण क्षणभर कमी. तेवढ्या क्षणात माझं बोलणं समोरच्यापर्यंत पोचलेलं असतं. मला नवा चेहरा कधीच नको होता. माझ्या आधी माझा वण बोलू नये, इतकंच हवं होतं.

आता ओळखीच्या बायका, कधी त्यांच्या मुली, हळूच विचारतात, करावं का? मी सांगते, करावंसं वाटतं ते तुमचं तुम्हाला वाटतं आहे ना, एवढं पाहा. शिकलेला, त्वचेचं शास्त्र जाणणारा डॉक्टर शोधा. आपल्या रंगाच्या त्वचेवर त्यानं काय काम केलं आहे ते विचारा. लहान तुकड्यावर करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'पूर्ण जाईल' असं सांगणाऱ्याकडून उठून या. हाताशी सवड ठेवा, ऊन सांभाळा, आणि घरात तुमच्याकडे वणापलीकडे पाहणारं एक तरी माणूस त्या दिवसांत जवळ असू द्या. आणि तुमच्यातला जो भाग शाबूत आहे त्याला जपा, कारण यंत्र तासाभरात बंद होतं आणि पुढचं सगळं काम त्यालाच करायचं असतं.